ब्रेकची कुरकुर: रत्नागिरीच्या खाऱ्या हवेतले अनुभवाचे बोल

आमचं घर मांडवीच्या बाजूला. खिडकी उघडली की खारा वारा थेट घरात. गाडी अंगणातच असते, वर नुसता पत्रा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं गाडी चालवणं वाढलं. बाजार, पावस, गणपतीपुळे, आणि लेक कोल्हापूरला असल्यामुळे आंबा घाट. या सगळ्या फिरण्यात ब्रेकच्या आवाजांनी आधी मला धास्ती घातली आणि मग विचार करायला लावलं. त्यातून जे उमगलं ते इथे लिहिते आहे. मी मेकॅनिक नाही. डोळ्यांनी पाहिलं, आमच्या मिस्त्रींकडून ऐकलं आणि मागाहून वाचून ताडून घेतलं, तेवढंच यात आहे. तुमची गाडी वेगळी असेल, रस्ता वेगळा असेल. तुम्हाला तुमचे आवाज आठवतीलच.

१. सकाळची पहिली करकर बहुतेक वेळा गंजाची असते, आणि ती आपली आपण जाते. हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. चाकाच्या आतली डिस्क बिडाची असते. जिथे पॅड घासायचे तिथे रंग देऊन उपयोग नाही, म्हणून ते बीड उघडंच ठेवावं लागतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसेल तेव्हा समुद्राचं मीठ हवेतून येऊन बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे जानेवारीतल्या कोरड्या सकाळीसुद्धा डिस्कवर तांबूस थर दिसतो. पहिले काही ब्रेक दाबले की पॅड तो थर खरवडून टाकतात आणि डिस्क पुन्हा चकचकीत होते. आता मी गल्लीतून बाहेर पडतानाच दोन-चारदा हलका ब्रेक मारून घेते. मारुती मंदिरापर्यंत आवाज थांबला तर तो गंजाचा होता. तिथवर पोचूनही तो चालूच असेल, तर मात्र चाक खोलून बघायची वेळ झाली असं समजते. एक अपवाद आहे. ऐन पावसात गाडी पंधरवडा जागची हलली नाही, तर गंज वरवरचा राहत नाही. पॅड जिथे टेकलेला असतो तिथे डिस्कवर त्याचा ठसा उमटतो, खड्डे पडतात, आणि मग दर फेऱ्याला घर्र-घर्र सुरू होते. म्हणून गावाला जाताना मी शेजारच्या मुलाकडे किल्ली देऊन जाते. त्याने अधूनमधून गाडी नाक्यापर्यंत नेऊन आणली तरी पुरतं.

२. ओरडणारे ब्रेक कमजोर असतातच असं नाही. मी बरीच वर्षं नववीच्या वर्गाला घर्षण शिकवलं. फळ्यावर ठोकळा काढायचा, त्याला बाण काढायचे. पण घर्षणाला आवाज का असतो हे मला या गाडीने शिकवलं. पॅड डिस्कला धरतो, डिस्क त्याला ओढत नेते, मग तो सुटतो, लगेच पुन्हा धरतो. हे धरणं-सुटणं सेकंदाला हजारो वेळा होतं. त्या थरथरीचा ताल डिस्कच्या आणि कॅलिपरच्या स्वतःच्या कंपनांशी जुळला की अख्खी डिस्क घुमू लागते. साधारण एक हजार ते पंधरा हजार हर्ट्झमधला हा आवाज, म्हणजे माणसाच्या कानाला नेमका झोंबणारा. जोरात ब्रेक दाबला की तो बहुधा गप्प होतो, आणि फाटकाशी हळूच गाडी थांबवताना मात्र सगळ्या आळीला ऐकू जातो. याचंही कारण हेच: हलक्या दाबात पॅडला थरथरायला मोकळीक असते. हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा धातूवर धातू घासून निघणारी किंकाळी हीच मोठी अडचण होती. त्याच देशात हर्बर्ट फ्रूड डोंगराळ डर्बीशायरच्या उतारांवरून येणाऱ्या घोडागाड्यांसाठी चांगलं ब्रेक-अस्तर करू पाहत होते. त्यांच्या खटपटीतून पुढे मोटारींना अॅस्बेस्टॉसचं अस्तर आलं आणि आवाज बराच निवला. शंभरावर वर्षं उलटली तरी मोठमोठे इंजिनिअर या आवाजाशी अजून झुंजत आहेत, हे वाचल्यावर आपल्या गाडीवरचा माझा राग निम्मा झाला.

३. ब्रेकला तेल घालायचं नसतं. हे सांगायची गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं, पण पडते. आपल्या हाडात रहाट आहे. रहाट कुरकुरला की कण्याला तेल, दार कुरकुरलं की बिजागरीला तेल. त्यामुळे चाक कुरकुरलं की चांगली शहाणी माणसंही गंज काढायच्या तेलाचा फवारा घेऊन पुढे येतात. आमच्या शेजाऱ्यांचा तो हात मी वेळेवर धरला. रहाट फिरावा म्हणून आपण तेल घालतो, आणि चाक थांबावं म्हणून ब्रेक असतो. पॅडचा माल सच्छिद्र असतो. त्यात तेल एकदा मुरलं की ते पुरतं निघत नाही, पॅड टाकूनच द्यावा लागतो. त्याआधी एखाद्या वळणावर काय होईल ते वेगळंच. ग्रीस लागतं, पण दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या जातीचं: पॅडच्या पाठीला, पॅडचे कान जिथे सरकतात तिथे आणि कॅलिपरच्या पिनांना. तेही उष्णता सोसणारं सिलिकॉनचं किंवा सिरॅमिकचं, अगदी पातळ बोट. बेअरिंगचं साधं ग्रीस पिनांना लावलं तर तिथली रबरी टोपणं फुगतात आणि पिना आणखी घट्ट होतात.

४. एक आवाज मुद्दाम केलेला असतो. मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटलं. बऱ्याच पॅडना बाजूला एक छोटी पोलादी पट्टी असते. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि बारीक, सततची शिट्टी सुरू होते. ब्रेक न दाबताही ती ऐकू येते, आणि दाबला की कधी बदलते, कधी थांबते. ज्याने कुणी ही पट्टी योजली त्याला मी मनोमन नमस्कार करते. दिवा नाही, वायर नाही, पण ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल असा निरोप. तो न ऐकता पुढे गेलं तर अस्तर संपतं आणि पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागते. शिट्टीची घरघर होते. मग पॅडच्या खर्चात डिस्कही येते. पण नुसत्या कानांवर विसंबून राहू नये. स्वस्तातल्या पॅडना ही पट्टी पुष्कळदा नसते, आणि छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम असतात, तिथे तर ती सहसा नसतेच. म्हणून चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड किती उरलाय ते बघायची सवय मी लावून घेतली आहे. त्याला कुठलंही हत्यार लागत नाही.

५. आपली तांबडी धूळ फक्त कपड्यांवर बसत नाही. जांभ्याचा भुगा बारीक असतो, पण खरखरीत. गाव-वाडीतले कच्चे रस्ते, त्यात मुंबई-गोवा महामार्गाचं वर्षानुवर्षं चाललेलं चौपदरीकरण. ही धूळ मागच्या ड्रममध्ये जाऊन बसते, पावसात तिचा चिखल होतो, उन्हात तो वाळतो, आणि लायनर ओरडू लागतो. ड्रम काढून आत साफ केला की आवाज जातो. ही साफसफाई तोंडाने फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने करू देऊ नका. ब्रेकची भुकटी फुप्फुसाला वाईट, आणि जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं किंवा ब्रेक क्लीनर वापरावा. आमचे मिस्त्री आता ड्रम उघडण्याआधी नाकाला रुमाल बांधतात. एवढं झालं याचं मला फार समाधान आहे.

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कानठळ्या बसवणारा, ब्रेकशी संबंध नसलेला सततचा आवाज येऊ लागला, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात बारीक खडा अडकलेला असू शकतो. मोकळ्या जागी गाडी थोडी मागे-पुढे केली की तो बऱ्याचदा पडून जातो.

६. घाट हा ब्रेकचा खरा परीक्षक. साखरपा सोडलं की आंबा घाट लागतो. जाताना इंजिन दमतं, येताना ब्रेक. एकदा मी शाळेतल्या सवयीने गणित मांडलं. बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, असं धरा. वजन गुणिले उंची गुणिले गुरुत्व: सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा. या उष्णतेत विहिरीचं साधारण १९ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे न्हाणीतला आख्खा हंडा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर यातली बरीचशी आग चार चाकांतल्या तळहाताएवढ्या पॅडना आणि लायनरांना सोसावी लागते. ते गणित वहीत उतरल्यावर घाटातला तो जळका वास मला नव्याने कळला.

अतितापलेल्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मिस्त्री त्याला ‘ग्लेज झालंय’ म्हणतात. तो धरतो कमी आणि ओरडतो जास्त. घाट उतरून आल्यावर दोन दिवसांनी ब्रेक कोकलू लागले तर बहुतेक हेच झालेलं असतं. पॅड काढून जाड पॉलिश पेपरवर सपाट घासून ती चकाकी काढायची, डिस्कवरूनही हलका कागद फिरवायचा. थर वरवरचा असेल तर एवढ्याने आवाज बसतो. पॅडला चिरा दिसल्या किंवा कडा भुसभुशीत झाल्या असतील तर तो बदलावा, घासत बसू नये.

त्याहून बरं म्हणजे तिथवर पाळी येऊ न देणं. जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या एसटी चालकांची शिकवण. आंबा असो, कुंभार्ली असो, भोस्ते किंवा परशुराम. वेग इंजिनाने धरून ठेवायचा. ब्रेकवर पाय सतत टेकवायचा नाही. वळणाआधी ठाम दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात वारा लागतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. खाली पोचल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये. लाल तव्यासारख्या झालेल्या बिडावर गार पाणी पडलं तर डिस्कला बाक किंवा तडा जाऊ शकतो.

७. सगळ्यात घातक बिघाडाला आवाजच नसतो. या गोष्टीने मला खरोखर नमवलं. इतके दिवस मी आवाजाला भीत होते. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो द्रव हवेतला ओलावा पितो. डॉट ४ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की प्रमाण म्हणून ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात एवढी उष्णता सहज होते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. पेडल मऊ लागतं, खाली जातं, गाडी थांबत नाही. कुठेही करकर नाही, किंकाळी नाही. आपल्या दमट हवेत म्हणूनच दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलून घेणं मी टाळत नाही, गाडी कितीही कमी चाललेली असली तरी. खर्च फार नाही. तरी सर्व्हिसिंगच्या यादीतून लोक पहिल्यांदा हीच ओळ खोडायला सांगतात, याचं वाईट वाटतं.

८. दोन पॅड जुळे असले तरी सारखे झिजत नाहीत, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक पिन असते. एका गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं होतं, “मॅडम, डिस्क, पॅड, कॅलिपर, सगळं बदलावं लागेल.” मी गाडी तशीच आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक खोललं, दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “बाई, हा बघा आतला, संपलाय. आणि हा बाहेरचा, नवाच्या नवा. आता सांगा, दोष कोणाचा?” कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एक खाऱ्या हवेने धरली होती. त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही आतला पॅड डिस्कला चिकटून राहायचा, तापायचा आणि गात राहायचा. पिना काढून, घासून, योग्य ग्रीस लावून परत बसवल्या, पॅडचा जोड नवा टाकला, पाठीमागच्या पत्र्याच्या चकत्या आणि छोट्या क्लिपा बदलल्या. चाक हाताने सहज फिरू लागलं. समुद्राकाठच्या गाड्यांचे ब्रेक शांत करण्याचा सर्वांत गुणकारी उपाय कोणता असं मला विचाराल, तर मी वर्षातून एकदा पिना साफ करून घेणं हेच सांगेन. चकत्या आणि क्लिपा क्षुल्लक दिसतात म्हणून पुष्कळदा परत बसवल्या जात नाहीत. पॅडची थरथर जिरवण्याचं काम त्यांचंच. घरी ओळखायची खूण अशी: सपाट रस्त्यावरून आल्यावर एकच चाक दुसऱ्यांपेक्षा जास्त धगधगत असेल, किंवा ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल. चाकाच्या जवळ नुसता हात नेला तरी धग कळते. डिस्कला बोट लावू नका.

९. पावसाळ्यात अंगणात हँडब्रेक लावून गाडी अनेक दिवस ठेवू नये. मागचे लायनर ओल्या ड्रमला गंजाने चिकटतात आणि पहिल्यांदा गाडी काढताना ‘खट्’ असा आवाज येऊन सुटतात, कधीकधी अस्तर सोलून. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला की झालं. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

१०. नवे पॅडही ओरडतात, आणि त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. नव्या पॅडचा थर डिस्कवर नीट बसेपर्यंत दोघांची गाठ पडलेली नसते. सकाळी लवकर, मागेपुढे वाहन नसताना, साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, मग थोडं अंतर तसंच जाऊन ब्रेक गार होऊ द्यायचे, आणि असं आठ-दहा वेळा करायचं. पूर्ण थांबून पाय दाबून धरायचा नाही, कारण तापलेल्या पॅडचा डाग डिस्कवर उठतो. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. ज्या पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त ते घाटात टिकतात, पण आवाज जास्त करतात. मऊ पॅड शांत, पण लवकर झिजणारे. माझं मत विचाराल तर घाटात ये-जा करणाऱ्याने शांततेपेक्षा पकड निवडावी.

११. मिस्त्रींना ‘आवाज येतो’ एवढं सांगून भागत नाही. डॉक्टरांना आपण दुखणं कुठे, कधी, कशाने वाढतं ते सांगतोच ना! गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? पुढे जाताना की रिव्हर्सला? कुठल्या चाकाकडून? वेगाबरोबर चढतो का? हे मी कागदावर लिहून नेते आणि शक्य असेल तर मिस्त्रींना शेजारी बसवून भाट्याच्या पुलापर्यंत एक फेरी मारते. गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. आणि चाक खोललेलं असताना मी तिथेच उभी राहते. पहिल्या वेळी पोरं संकोचली. आता तीच “बाई, इकडे या, हे बघा” म्हणून बोलावतात.

१२. आमच्याकडे ब्रेक बघून घेण्याचे मुहूर्त दोन: मे महिन्याच्या शेवटी, पाऊस उतरण्याआधी, आणि पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुमारास. गणपतीला मुंबई-पुण्याहून गाडी भरून गावी येणाऱ्या चाकरमान्यांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे. तुमची गाडी एरवी सपाट रस्त्यावर, एक-दोन माणसं घेऊन चालते. त्या दिवशी तिच्यात पाच माणसं, मखर, सामान, आणि समोर ओले घाट असतात. निघण्याच्या आठवडाभर आधी चारही चाकं खोलून पॅड आणि लायनर बघून घ्या, पिना सरकतात का ते विचारा, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलूनच घाटात या.